अंगठ्याएवढा थ्रस्टर

४ मार्च
पळालं! अंगठ्याएवढा थ्रस्टर — समोरून पाणी ओढतो, मागे फेकतो — असे चार लावले आणि बादलीएवढं यंत्र मासोळीसारखं पळालं! साहेब म्हणाले, "जिंकलात, बाई." तीन वर्षं या टाकीच्या काठावर डोकेफोड केली आहे.

आता गुरुवारी धरणावर चाचणी. पास झालं तर दरवाजे तपासायला माणूस खाली उतरवायचा नाही. तो माणूस म्हणजे माझा दादा. त्याचा डावा कान दोनदा वाहिलाय. डॉक्टरांनी तंबी दिली, पुन्हा खोल गेलात तर कानाला मुकाल. हा पठ्ठ्या कानात कापूस कोंबून कामावर जातो. वहिनी रडकुंडीला आली आहे.

५ मार्च
दादाला फोन केला. "वा!" म्हणाला. मग विचारलं, "यंत्र पाण्यात मीच सोडू ना?"

७ मार्च
सगळं फसलं.

यंत्र पाण्यात सोडलं ते दादानेच. दोन मिनिटं सुरेख. मग एका बाजूचा जोर गेला, यंत्र गरागरा फिरलं, वीस मीटरवर दरवाजाच्या जाळीत केबल गुंडाळली. टाकीत दोनशे तास चाललेलं! साहेब म्हणाले, राहू दे खाली. पण दादा सूट चढवायलाच लागला. "माझ्या बहिणीचं यंत्र आहे ते." मी ओरडले, हात धरला — झटकून गेला!

यंत्र घेऊनच वर आला. कानातून मानेपर्यंत रक्त. डॉक्टर म्हणतात, डावा कान गेला, उजवा सांभाळा.

माझ्यामुळे. माझ्यामुळे!

८ मार्च
थ्रस्टर उघडला. आतल्या पंख्याला कापूस गुंडाळलेला. कानाच्या औषधाचा वास!

तशीच दवाखान्यात गेले. उजव्या बाजूला बसून विचारलं. त्याने नाकारलं नाही. "वरच बंद पडेल वाटलं गं. खाली जाऊन अडकेल हे मला काय ठाऊक! ते पास झालं की मी घरी. बावीस वर्षं पाण्यात काढली, आता घरात बसून करू काय?"

माझा सख्खा भाऊ! कानाखाली वाजवावीशी वाटली — आणि कुठे वाजवणार? पेल्यात पाणी ओतून दिलं आणि निघाले.

९ मार्च
अहवाल दिला. बिघाडाचं कारण: रचनेतला दोष. खाली माझी सही.

१५ मार्च
धरणाचं पत्र. यंत्र नापास. पुढच्या महिन्यापासून पाहणी पूर्वीसारखी, पाणबुड्याकडून. दादाने होकारही कळवलाय! धावत साहेबांकडे — त्याचा एकच कान उरलाय हो! ते म्हणाले, "त्याने स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलंय. आणि दरवाजे तर तपासायलाच हवेत. यंत्र तुमचंच बिघडलं ना, बाई?"

मला वाटत होतं, मी त्याला वाचवलं.

१६ मार्च
नवा अहवाल दिला. बिघाडाचं कारण: पंख्यात कोंबलेला कापूस. दादाचं नाव घालून.

आता तो जन्मात माझ्याशी बोलणार नाही. उजवा कान तर राहील.