दोनशे सतरावी ओळ

सोमवार, ३ मार्च
राहिली! दोनशे सतरावी ओळ माझ्याकडून टाईप करायचीच राहिली — आणि शुक्रवारी अर्थसंकल्प मंजूरही झाला. ओळींचे क्रमांक मशीन आपोआप घालतं, म्हणून खंड कुणाला दिसलाच नाही.
आमदारांनी सुचवलेल्या कामांची यादी. तिच्यात छापलं त्यालाच पैसा, बाकीच्याला दमडी नाही. गेला तो डोंगरापलीकडच्या आमदारांचा रस्ता. त्यांच्या आवाजाने आमच्या खोलीतली कपाटं थरथरतात!

मंगळवार, ४ मार्च
ताट तसंच बाजूला सारलं. सासूबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय.

बुधवार, ५ मार्च
शेवटी साहेबांसमोर कच्ची प्रत ठेवली. आमच्या शाखेचे प्रमुख — माझी नोकरी त्यांच्याच हातात. चष्मा पुसून त्यांनी ती छापील यादीशी ताडून पाहिली. मग म्हणाले, "चूक तुमची, पण सही माझी. कुठे बोलू नका."
जिना उतरताना रडले. बऱ्याच दिवसांनी माणसासारखं कुणी वागलं.

गुरुवार, ६ मार्च
आमदार आले! मी फायलींच्या आडोशाला. पण आवाज चढेना. खुर्ची ओढून साहेबांना हळूच म्हणाले, ओळ गळाली तेच बरं झालं. तो रस्ता त्यांच्या मेव्हण्याच्या खाणीपर्यंतच जातो, हे पत्रकारांना कळलंय. आता छातीठोक सांगता येईल — असा रस्ता यादीत नाहीच!
जाताना मला नमस्कारही केला. मला!
घरी ह्यांना सगळं सांगितलं. हसून हसून ह्यांना ठसका लागला. म्हणे, सभागृहाला जमलं नाही ते तू एका डुलकीत केलंस. डुलकी नव्हती. पण असो — जीव भांड्यात पडला. दोनदा भात घेतला.

सोमवार, १० मार्च
छान झोप. काही नाही लिहायला. केवढं सुख!

सोमवार, २ जून
पुरवणी यादी टाईपला आली. कर्णबधिर मुलांच्या शाळेचं छप्पर — त्या ओळीपुढे साहेबांनी पेन्सिलीने बारीक टिंब केलंय. ती सुचवणाऱ्या आमदारबाई वरच्यांना नकोशा झाल्यात. साहेब म्हणाले, "तेव्हा राहिली, तशी हीही राहू द्या. मार्चमधलं मी अजून कुणाला बोललेलो नाही."
जागेवर येऊन बसले. सगळ्यात आधी तीच ओळ टाईप केली.