धनराजाचं नाव

पुणे,
९ नोव्हेंबर २०२४

धनराज अण्णा,

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुलाही नमस्कार लिहिणार होते, पण हात वळला नाही. मी बरी आहे. फोनवर तू ओरडतोस आणि मग मीही ओरडते, म्हणून हे कागदावर.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला होता. "आमच्या श्रीपतराव सायबाचं पुस्तक तुज्याकडं यायलंय. चांगला शेरा मार अन् गप बस. सायेब मला हुमनाबादच्या स्टँडजवळ गाळा द्यायलेत. तू कामून आडवी यायलीस?" मी आडवी आलेही नव्हते तेव्हा. बाड अजून उघडलंच नव्हतं.

इतक्या मोठ्या प्रकाशनात तुझी बहीण काय करते, हे तू कधी विचारलं नाहीस. ऐक. बाहेरून येणारी बाडं मी वाचते आणि छापावं की नाही, यावर अभिप्राय लिहिते. छापायचं ठरलं की भाषा धुऊन काढते. 'जायलाय', 'करायलास' दिसलं की वरचे म्हणतात, "शैलश्रीताई, हे तुमच्याकडचं जरा स्वच्छ करा." आणि मी करते. मग विक्रीप्रमुख विचारतो, लेखक स्वतः किती प्रती उचलणार? तुझे साहेब आपल्या संस्थेच्या शाळांसाठी भरपूर उचलणार आहेत. मी पहिलं पान उलटायच्या आधीच वर सगळे खूश होते.

पुस्तकाचं नाव 'माझ्या मातोश्रींच्या ओव्या'. म्हणे साहेबांच्या आईनं रचल्या.

अण्णा, तिसऱ्या पानावर मला माय ऐकू आली. आपल्या गावात, निर्ण्यात, कुणाच्याही घरी लग्नाची हळद दळायची असली की बायका तिलाच बोलवायला येत. ती जात्यावर बसली की जुनं कधी म्हणायची नाही, तिथल्या तिथे नवं रचायची. बांधावरच्या बोरीवर, लंगड्या बैलावर, आणि सगळ्यांत जास्त तुझ्यावर. बायका ओवीत लेकराचं नाव गुंफतात, तसं ती तुझं गुंफायची. बाडात त्या सगळ्या जागी 'श्रीपती' घातलंय. मोबाइलवर तिचं गाणं तूच भरून घेतलंस ना? मग तुझं नाव काढायलाही तूच बसला असशील. घाईत एक ओवी राहून गेली बघ:

दळण दळीते, हात माझा गं थांबंना
बाळ धनराजाचं, नाव ओठात सरंना

बैठकीत विक्रीप्रमुखानं नेमकी हीच वाचली. "हा धनराज कोण? साहेबांना भाऊ आहे का?"

"माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

मग संचालकांनी दार लावून घेतलं आणि मला समजावलं. एक नावच तर बदलायचं, म्हणाले, तुमच्या आईंना काय फरक पडतो? असा लेखक पुन्हा मिळायचा नाही. तुझीच भाषा, फक्त पुण्याची. मला दोघांचाही सारखाच संताप आला.

मायला फोन केला. ती खुशीत होती. "शैला, माज्या गान्याचं पुस्तक व्हायलंय म्हनं गं. धनू म्हनायलाय. माजा फोटू पन घालतेत व्हय?" हे तू तिला सांगितलंस? लाज नाही वाटली तुला? मला तिला खरं सांगवलं नाही. त्याऐवजी म्हटलं, सगळ्या ओव्या म्हणून दाखव. दम लागेपर्यंत म्हणत राहिली बिचारी.

तिला सगळ्या ओव्या का म्हणायला लावल्या, ते तुला सांगायचं नव्हतं. पण लिहायला बसलेच आहे. बाडात मी माझं नाव शोधत होते. सापडलं नाही, तेव्हा वाटलं, तुझं काढलं तसं माझंही काढलं असेल तुम्ही. काढलं नव्हतं रे. ते नव्हतंच. बोर होती, बैल होता, मी नव्हते. शेवटी न राहवून विचारलं, माय, माझ्यावर एकही नाही का? म्हणाली, "तुजं नाव लांब हाय गं, वोवीत बसंना." घरात तर शैलाच म्हणतेस की, असं ओठावर आलं होतं. म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर खूप रडले.

दुसऱ्या दिवशी अभिप्राय दिला. पुस्तक जरूर छापावं. लेखिका कमलबाई, मुक्काम निर्णा. दुसरं कुठलंही नाव घातलं, तर मी पेपरात जाहीर लिहीन. भाषेला हात लावू नये. संचालक माझ्याशी बोलत नाहीत. आता इथे छापतील असं वाटत नाही, बहुतेक मलाही घरी बसवतील. मग मी दुसरा प्रकाशक शोधीन. लहान असला तरी चालेल.

पुढच्या रविवारी, सतरा तारखेला, निर्ण्याला येते आहे. पुस्तक तिच्या नावानं काढायला तिची संमती लागेल. मायला सही येते, तू शिकवली नव्हतीस, मी शिकवली होती. त्याआधी साहेबांकडे जा आणि त्यांना बाड मागे घ्यायला सांग. गाळा गेला तर जाऊ दे. रविवारपर्यंत तू मायला खरं सांगितलं नाहीस, तर तुझ्यासमोर तिला मी सांगेन. तुझं नाव तिच्या ओठात सरत नव्हतं आणि तू ते विकलंस. मला ते कधी मिळालंच नाही.

खाली सवयीनं 'तुझी' लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

कमलबाईची लेक,
शैलश्री