आईंची सुटलेली ओळ

ललित,
बाळाला घेऊन हॉस्पिटलला पुढे जातेय. ऑपरेशन अकराला आहे. पोळी-भाजी ओट्यावर आहे, खाऊन ये.

काल तू म्हणालास, "पिढ्यानपिढ्या हातानं उतरवून घेतलेलं शास्त्र मूळचं तेच राहिलं कशावरून?" त्यानंतर मला प्रार्थना जमेना. म्हणून पहाटे आईंची, मावशींची आणि सायखेड्याच्या आत्यांची, अशा त्याच स्तोत्रांच्या, हातानं उतरवलेल्या तिन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या. आईंच्या वहीत एक ओळ सुटलीय. पण ती सुटलीय हे बाकीच्या दोघींमुळेच कळलं ना? चुका तिघींच्याही आहेत, पण एकाच जागी नाहीत, म्हणून तिन्ही जुळवल्या की मूळ ओळ सापडते.

वह्या टेबलावर आहेत, स्वतः बघ. नाही पटलं तरी वेळेत ये. प्रार्थना मी करेन. तू बाळाचं पाऊल हातात धर, सलाईन लावतील तो हात हलवायचा नाही, असं डॉक्टर म्हणालेत.

स्नेहल