शेवटचं वाक्य आधी बोल

प्रिय ताई,

मायना ठरवण्यातच अर्धा तास गेला. तू नगरसेविका झालीस, म्हणजे नियमाप्रमाणे तुला आता ‘माननीय सदस्या’ लिहायला हवं. तसं लिहून तुझ्या आईला दाखवलं, तर ती म्हणाली, “पोरीला पत्र लिहिताय की नोटीस काढताय?” म्हणून तो कागद चुरगाळला आणि ताईच लिहिलं. धाकट्याने तुला ताई म्हणायला सुरुवात केली, त्याच्यामागून आम्हीही म्हणू लागलो, आणि आता अख्खा प्रभाग म्हणतो. वयाने तुझ्या दुपटीहून मोठी असलेली आत्यासुद्धा म्हणते.

एका घरात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. परवा तुझ्याशी दोन शब्द बोलावे म्हणून पुढच्या खोलीत आलो, तर तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आलेले एक गृहस्थ मला म्हणाले, “काका, रांग आहे. आम्ही सकाळपासून बसलोय.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी मागे जाऊन उभा राहिलो. माझा नंबर येईपर्यंत तू निघून गेली होतीस. पुढे त्या गृहस्थांनीच मला गटाराचं सगळं सांगितलं. माणूस चांगला आहे, तेवढं गटार बघ.

उद्या तुझी पहिली सर्वसाधारण सभा. नवीन सदस्य सभागृहात येतात तेव्हा त्यांना वाटतं की इथे बोललं म्हणजे काम झालं. मी त्या सभागृहाच्या मागच्या भिंतीतल्या काचेच्या खोलीत नोकरीभर बसलोय. खोलीत मी, एक पंखा आणि बटणांचा बोर्ड. प्रत्येक सदस्याच्या आसनाला एक बटण. महापौरांनी नाव पुकारलं की मी बटण दाबतो आणि आसनावर हिरवा दिवा लागतो. तीन मिनिटं झाली की दिवा लाल होतो आणि मी माईक बंद करतो. या शहराच्या कारभारात माझा हात आहे तो एवढाच, एका बोटाचा.

या कामाचं शिक्षण मला गावच्या शाळेत मिळालं. एक खोली, एक गुरुजी आणि चार वर्ग. एक वर्ग पाढे म्हणत असला की बाकीच्यांनी तोंडावर बोट ठेवायचं. कधी चारही वर्ग एकदम ओरडू लागले, तर गुरुजी काही न बोलता खिडकीबाहेर बघत बसायचे. आम्ही दमून आपोआप गप्प व्हायचो. आयुक्तसाहेब नेमकं हेच करतात, फक्त खिडकीऐवजी मोबाइल बघतात.

आयुक्तांवरून आठवलं. तू निवडून आलीस त्या दिवशी आत्याने मला विचारलं होतं, “महापौर मोठा की आयुक्त?” मी तिला म्हटलं, आपल्या घराकडे बघ. जेवायला बसताना मधली खुर्ची माझी, पाहुणे आले की पहिला नमस्कार मला, लग्नपत्रिकेवर नाव माझं. पण पडद्याचं कापड कुठलं घ्यायचं, हे मला पडदे लागल्यावर कळतं. म्हणजे महापौर मी, आणि आयुक्त तुझी आई. महापौर उंच खुर्चीवर बसतात, घंटा वाजवतात, सभा चालवतात, परदेशी पाहुण्यांना हार घालतात. खिळा विकत घ्यायचा तर सही आयुक्तांची. आयुक्त कुणाच्या मतांवर येत नाहीत. वरचं सरकार त्यांना पाठवतं. तुझ्या आईला माझ्या वडिलांनी पसंत केलं होतं, तसंच. सगळे अधिकारी, इंजिनिअर, डॉक्टर, माळी आणि झाडूवाले त्यांच्या हाताखाली.

आत्या म्हणाली, “मग मी कोण?” मी म्हटलं, तू स्थायी समिती. तुझी आई आणि ती स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन ठरवतात, की यंदा रंग द्यायचा की फ्रिज घ्यायचा, तसे सोळा जण एका लहान खोलीत बसून शहराच्या खर्चाला होकार किंवा नकार देतात. मोठ्या सभागृहात आवाज होतो आणि लहान खोलीत निर्णय. तिथला चहासुद्धा बरा असतो. आत्याला हे पद एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिने धाकट्याच्या नवीन बुटांचा प्रस्ताव फेटाळला.

महापौरांची थट्टा करतोय असं समजू नकोस. ती खुर्ची अवघड आहे. मागचे महापौर आठवतात ना, कवळी नवी बसवलेले? कुणाला तरी श्रद्धांजली वाहण्यासाठी सगळं सभागृह दोन मिनिटं उभं होतं आणि माझ्याकडून त्यांचा माईक चालू राहिला. ते शेजारी हळूच म्हणाले, “वरचे टोचतायत हो, खालचे बरे आहेत.” टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत ते वाक्य चारी भिंतींना लागून परत आलं. सगळ्यांनी माना आणखी खाली घातल्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, किती दुःख झालंय. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या सभेआधी खोलीत डोकावून एवढंच म्हणाले, “आता दोन्हीकडचे बरे आहेत.”

आता तुझ्या दवाखान्याकडे येतो. तू ज्याच्या मुद्द्यावर निवडून आलीस तो दवाखाना, रंग देऊन, पाटी लावून, कुलूप घालून उभा असलेला. तू प्रचारात म्हणायचीस की कुणीतरी मुद्दाम अडवलंय. पोरी, कुणीही अडवलेलं नाही, तीच अडचण आहे. इमारत विभाग म्हणतो, आम्ही बांधून दिलं, आरोग्य विभागाने ताब्यात घ्यावं. आरोग्य विभाग म्हणतो, वीज नसलेली इमारत ताब्यात कशी घेऊ? विद्युत विभाग म्हणतो, वीज देतो, पण ज्याच्या ताब्यात इमारत आहे त्याने मागायला हवी. तिघेही नियमाप्रमाणे बरोबर आहेत आणि तिघेही सज्जन आहेत. दारात उभे राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करणाऱ्या पाहुण्यांसारखे उभे आहेत, आणि आत्या पायाच्या जखमेला पट्टी बांधून घ्यायला दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातेय. तुझ्या प्रचारात ती त्याच पायाने सगळे जिने चढली. एका बाईने विचारलं, “आजी, पायाला काय झालं?” तर म्हणाली, “हाच आमचा जाहीरनामा.”

म्हणून उद्या कुणावर चिडू नकोस. लहानपणी तुला आम्ही भोंगा म्हणायचो ते मी विसरलेलो नाही. आवाज चढवलास तर महापौर घंटा वाजवतील, विरोधक बाकं वाजवतील, आणि उत्तर येईल, “माहिती घेऊन कळवतो.” हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही मी तेच देतो, असं तुझी आई म्हणते. तिन्ही विभागप्रमुख एकाच माणसाचं ऐकतात, तो म्हणजे आयुक्त. तर मागणी अशी कर, की आयुक्तांनी तिघांना एका खोलीत बोलवावं आणि तारीख आत्ता, सभागृहात सांगावी. तारीख एकदा तोंडातून निघाली की नगरसचिव ती इतिवृत्तात लिहितात. मग पुढच्या सभेत तुला ओरडावं लागत नाही, फक्त वाचून दाखवावं लागतं.

आणि ही मागणी पहिल्या वाक्यात कर. हे तुला सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. आमच्याकडे एक वयस्कर सदस्य होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. विद्वान माणूस. बोलायला उठले की आधी महापौरांना वंदन, मग शहराचा इतिहास, मग एक सुभाषित, मग त्याचा अर्थ. आणि “म्हणून माझी नम्र मागणी अशी आहे की” इथपर्यंत आले, की दिवा लाल. प्रत्येक सभेत तेच. मी कितीदा तरी मनात म्हणायचो, अण्णा, आज तरी सुभाषित सोडा. शेवटी ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मीच धीर करून विचारलं, की तुमची मागणी काय होती? अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “पाण्याचं काहीतरी होतं.”

आता एक बातमी. मागच्या आठवड्यात नगरसचिवांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे एक तक्रार आली आहे, की मुलगी बोलणार आणि बापाच्या हातात बटण, हे कसं चालेल? तक्रार कुणाची ते विचारू नकोस, पराभूत माणसाला तेवढा हक्क असतो. नगरसचिव मला बसा म्हणाले, पाणी दिलं आणि म्हणाले, “नियम कुठेच आडवा येत नाही. तुम्ही राहू शकता, किंवा नकोसं वाटलं तर जुन्या कागदांच्या खोलीत बदली देतो. विचार करून सांगा.” घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “एवढी वर्षं घरात तिचा माईक बंद करता आला नाही, तिथे काय करणार आहात?”

मी खरंच विचार केला. तुला वेळेवर थांबवलं, तर लोक म्हणतील, बघा, देखावा. अर्धं मिनिट जास्त दिलं, तर म्हणतील, बघा, बाप. आणि खरं सांगायचं तर लोकांपेक्षा मला भीती माझ्या बोटाची वाटली. सकाळी देवापुढे हात जोडून बसलो, तेव्हाही हेच विचारलं. त्याच्याकडे लाल दिवा नाही, कितीही वेळ बोला, तो ऐकून घेतो. पण उत्तराच्या बाबतीत तो नगरसचिवांसारखाच आहे. नोंद घेतली, एवढंच जाणवलं. पुन्हा बसलो, तर वाटलं, मी आजवर सगळ्यांचं बोलणं काचेतून ऐकलं, हिचं तरी काचेबाहेर बसून ऐकावं.

तर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. उद्या बोर्डावर माझा सहकारी बसेल, पलीकडच्या समिती खोलीचा. मी त्याला बजावलंय, “वेळ झाली की बटण दाबायचं, ती माझ्याकडे बघो नाहीतर तुझ्याकडे.” म्हणून उद्या काचेकडे बघू नकोस. मी प्रेक्षकांच्या सज्जात असेन, शेवटच्या रांगेत, तुझी आई आणि आत्याच्या मधे. आत्याने आजच सांगून ठेवलंय, की पाय लांब करायला कडेची जागा तिची. आणि दिवा लाल झाला, माईक गेला आणि तुझं एखादं वाक्य उरलंच, तर घाबरून खाली बसू नकोस. उभी राहून ते शांतपणे पूर्ण कर. तुझ्या जागेवरून बोललेलं माईकशिवाय सज्जापर्यंत पोचतं. हे मी नुसतं म्हणत नाही. आज संध्याकाळी सभागृह रिकामं झाल्यावर तुझ्या आईला तिथे घेऊन गेलो, तिला वर शेवटच्या रांगेत बसवलं आणि मी खाली तुझ्या आसनाशी उभा राहिलो. बोर्ड बंद होता. मी म्हटलं, “दवाखाना उघडा.” वरून आवाज आला, “ऐकू आलं.” मग कुणीच नाही असं बघून मी आणखी एक वाक्य बोललो, अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं, की या खुर्चीवर माझी मुलगी बसणार, याचा मला इतका आनंद झालाय की आठवडाभर मला धड झोप लागलेली नाही. मग तुझी आई म्हणाली, “तेही ऐकू आलं. पण हे खुर्चीला काय सांगताय, तिला सांगा.” आयुक्तांचा आदेश, म्हणून हे पत्र. उद्याच्या विषयपत्रिकेत खोचून ठेवतोय, म्हणजे ते तुझ्या हातात रांगेशिवाय पडेल. सांगायचं होतं ते एवढंच होतं, आणि बघ, तुला शहाणपण शिकवून मी स्वतः अण्णांसारखं शेवटाला ठेवलं. बरं झालं, कागदाला दिवा नसतो.

सज्जातल्या शेवटच्या रांगेतून ऐकणारा,
तुझाच,
बाबा