कॅमेरा कोणी धरला?

कोपर, ता. १८ जानेवारी १९५५

ती. गोपीनाथदादास,

धाकट्या मालूचा नमस्कार. आईचा गुडघा सोडला तर घरी सगळी बरी आहेत. भाताची झोडणी आटपली.

परवा रविवारी दुपारी तुझा सिनेमा कल्याणच्या शाळेत दाखवला. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. बर्फाच्या कड्याला तुझी फटफटी दिसली मात्र, आई मोठ्यानं ओरडली, "पडशील रे!" लोक हसले. मीही हसले.

सिनेमात मागून बोलणारा माणूस सारखा सांगत होता, एकटा वीर, सोबतीला फक्त फटफटी. पण दादा, तू तर फटफटीवर होतास. मग कॅमेरा कोणाच्या हातात होता?

मास्तर म्हणाले, तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून कळ दाबली की तो आपोआप चालतो. चालत असेल. पण तू ओढा ओलांडतोस तेव्हा तो तुझ्याबरोबर वळतो. तू घसरतोस तिथे तो दचकतो. तिकाटणं दचकतं का? आणि तंबूजवळ तू त्याच्याकडे बघून हसतोस, काहीतरी बोलतोस. वर बाजा वाजतो, म्हणून शब्द ऐकू येत नाही. पण तुझे ओठ मी लहानपणापासून बघत आलेय. तू "राघो" म्हणालास.

तुम्ही दोघं इथून बरोबर निघालात, ते सगळ्या गावानं पाहिलं. परत आलास तो एकटा. राघोला मुंबईतच बोटीवर काम मिळालं, असं तू गंगूमावशीला सांगितलंस. तिचा एकुलता एक पोर, तरी तिनं ते मानलं. मीही मानलं, असं तुला वाटत असेल.

तंबूनंतर खिंड येते. तिथून शेवटापर्यंत कॅमेरा एकदाही हलत नाही. तू चौकटीत येतोस आणि निघून जातोस. तंबू आणि खिंड यांच्यामध्ये काय झालं?

आता माझंही सांगते. मावशीला आलेली राघोची चारही पत्रं मीच वाचून दाखवली. राघोला लिहिता येत नाही, तेव्हा बोटीवरचा कोणीतरी लिहून देत असेल, असं मी तिला समजावलं. पण बोट परदेशात आणि पोस्टाचा शिक्का दर वेळी दादरचा! अक्षर वाकडं काढलंस, तरी तुझं अक्षर मी पहिल्याच पत्राला ओळखलं. तरी गप्प बसले. ती ऐकताना डोळे मिटून हसायची, म्हणून. चौथ्या पत्रात तर मी एक वाक्य पदरचं घातलं, "आई, थंडीत खाडीवर जाऊ नको." म्हणजे तुझ्यासारखीच मीही खोटी.

पाचवं पत्र मी वाचणार नाही.

मालू

•

दादर, ता. २४ जानेवारी

चि. मालूस आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

राघो माझ्याबरोबर होता. कॅमेरा मी त्याला दोन दिवसांत शिकवला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला. तंबूच्या पुढे त्याला दम लागायला लागला. मला वाटलं, थकलाय. तो म्हणाला, "तू जा रे, ऊन आहे तोवर खिंड घे. मी बसतो इथं." मेंढपाळांचा दगडी आसरा होता, तिथे त्याला ठेवलं आणि गेलो. खाली उतरवायला हवं होतं, मालू. तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं. पण त्याचे ओठ निळे पडलेले मी पाहिले होते, आणि तरी गेलो.

तिसऱ्या दिवशी परतलो. मेंढपाळांनी आदल्या दिवशीच त्याला नदीकाठी अग्नी दिला होता.

फिल्मवाले म्हणाले, एकट्याचा प्रवासच लोकांना आवडेल. मी हो म्हटलं. त्यानंतर मावशीच्या दारात उभं राहायचं धाडस झालं नाही. तूच सांग तिला. तुझ्या तोंडून ती ऐकेल.

गोपीनाथ

•

कोपर, ता. ३० जानेवारी

दादा,

मी काही सांगितलं नाही. तुझंच पत्र तिला वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. पदरचा एक शब्दही घातला नाही.

मावशी बराच वेळ मासळी निवडत राहिली. मग म्हणाली, "ती चार पत्रां कोनची व्हती?" मी म्हटलं, "दादाची. आणि थोडी माझी." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हात धुतले आणि म्हणाली, "लिही."

ती बोलली तसं खाली लिहिते.

"गोपी, तू माज्या पोराला टाकून गेलास. त्याची माफी मना देता येनार नाय, आज तरी नाय. पन तो तुजा सिनेमा हितं घेऊन ये. मालू बोलते, त्यात राघो दिसत नाय. नको दिसू दे. तो डोंगर, तो बरफ, ती नदी, समदं माज्या राघोनंच बघितलंय ना? त्यानं काय काय बघितलं, तेवढं मना बघू दे. तू माज्या बाजूला बसायचं. कुठं त्याचा हात हालला, ते मना सांगायचं. न येशील तर मी येते दादरला."

अंगठा : गंगुबाई
लिहून देणार : मालू. या वेळी जसंच्या तसं.