आधी अभ्यास, मग इन्स्टॉल

३ नोव्हेंबर, सोमवार

व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर की हायपर-व्ही? मला माहीत नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

बोईसरच्या एका कारखान्यात आयटी असिस्टंट हवी आहे. जागा एकच. २४ तारखेला प्रॅक्टिकल. आपला लॅपटॉप न्यायचा, त्याच्या पोटात दोन खोटे कॉम्प्युटर चालवायचे आणि ते एकमेकांना जोडून दाखवायचे. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. त्यासाठीच्या या तीन सॉफ्टवेअरपैकी चुकीचं निवडून चालणार नाही.

कुंभवलीची हेमांगीही अर्ज करतेय. कॉलेजपासूनची मैत्रीण. आमचं ठरलं : आधी पूर्ण अभ्यास, मग दोघींनी एकच टाकायचं.

आईने विचारलं, एक खरा हाय तो पुरत नाय, खोटे दोन कशाला? बाबा म्हणाले, अगं, मोठ्या बोटीवर छोटी होडी ठेवतो तसं. अगदी तसं नाही, पण समजावायला वेळ नव्हता.

५ नोव्हेंबर

तिन्हींच्या तुलनेचा तक्ता केला. हायपर-व्ही नावातच भारदस्त. जवळजवळ नक्की केलं. संध्याकाळी कळलं, माझ्या विंडोज होममध्ये ते येतच नाही. आणि या विंडोजवर मी इतके दिवस विश्वास ठेवला.

८ नोव्हेंबर

हेमांगीने दगा दिला. फोनवर सहज म्हणाली, अगं, मी आपलं ठरलं त्याच दिवशी व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, फुकट आहे, तू पण टाक ना. मी विचारलं, तुलना केलीस? ती म्हणाली, कशाशी?

कॉलेजात एका डब्यात जेवलो आम्ही.

संकल्प : व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं नाही. ते आता तिचं झालं.

१२ नोव्हेंबर

व्हीएमवेअर. यूट्यूबवर एक सर त्याची शिफारस करतात. शांत आवाज, ऐकताच विश्वास बसतो. आज त्यांचा नवीन व्हिडिओ आला : मी व्हर्च्युअलबॉक्सकडे का वळलो.

बघणार नव्हते. दोनदा बघितला.

१६ नोव्हेंबर, रविवार

तुलनेचे व्हिडिओ बघून बघून लॅपटॉप तापतो. पंखा बोटीच्या इंजिनासारखा ओरडतो. बाबा म्हणाले, बर्फावर ठेव, पापलेट टिकतं तर ह्याला काय होतंय? विचार करता मला ते शास्त्रीय वाटलं. माशांच्या पेटीत बर्फ, वर प्लास्टिक, त्यावर लॅपटॉप. थंड झाला. मग त्याला खालून घाम सुटला. मग बंद पडला.

बाबा म्हणाले, बर्फ जास्त झाला.

१७ नोव्हेंबर

अंगणात सुकटीसाठी जवळा वाळत घातलाय, त्याच जाळ्यावर लॅपटॉप पालथा ठेवला. आईने मला कावळे हाकायला बसवलं. शेजारची माई थांबली. पोर ग्रॅज्युएट झाली ती ह्याच्यासाठी काय, म्हणाली. आईने सांगितलं, तिचा कॉम्प्युटर सुकतोय. माईने विचारलं, मीठ लावलं का?

हेमांगीचा फोन. माझ्याकडे ये, माझ्या लॅपटॉपवर प्रॅक्टिस कर, म्हणाली. नको म्हटलं. दगा देणाऱ्यांचे उपकार नकोत.

२० नोव्हेंबर

लॅपटॉप सुरू झाला. वास येतो, पण उघडल्यावरच. इन्स्टॉल करायला फार वेळ लागत नाही म्हणतात, म्हणजे घाई नाही. तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला : भविष्य.

२४ नोव्हेंबर

कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, कोणतं वापरता? हा तर माझाच प्रश्न. मी तिन्हींची तुलना सांगितली, भविष्यासकट. ते म्हणाले, अभ्यास चांगला आहे, आता दाखवा. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी खिडकी उघडली.

दाखवायला काही नव्हतं. निर्णय अंतिम टप्प्यात आहे, असं सांगितलं.

हेमांगीचे दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले. बाहेर ती माझ्यासाठी वडापाव घेऊन उभी होती. खाल्ला. तिच्याशी बोलले नाही.

२६ नोव्हेंबर

जागा हेमांगीला मिळाली. बाबांनी विचारलं, आणि तुझा काय? विंडोजने फसवलं, सरांनी फसवलं, बर्फाने फसवलं, हे सगळं नीट सांगितलं. बर्फाचं ऐकून ते जाळी बघायला निघून गेले.  

२८ नोव्हेंबर

हेमांगीचा मेसेज : मनोरला एका गोदामात अशीच जागा आहे, तुझं नाव दिलंय, आतातरी काहीतरी टाक.

निर्णय घेतला. हेमांगीला माफ करायचं. मन आपणच मोठं करावं, शिकलेल्या माणसाने तरी.

संध्याकाळीच करून टाकलं. फोन लावला, माफ केल्याचं सांगितलं आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये पहिल्यांदा काय दाबायचं ते विचारलं. ती म्हणाली, नेक्स्ट. मग म्हणाली, परत नेक्स्ट.

इन्स्टॉल झालं तेव्हा चुलीवरचा भात अजून शिजायचा होता.