न धरलेला महिना

माय, तुझी नात आत आहे आणि मी बाहेर वऱ्हांड्यातल्या बाकावर बसले आहे. परभणीचा दवाखाना, भर दुपार. दिवस भरून वर गेले तरी तिला कळा येईनात, म्हणून सकाळी डॉक्टरीणबाईंनी भरती करून घेतलं आणि कळा यायचं औषध सुरू केलं. ही तीच, जिच्यासाठी तू मला गावभर हिंडवलं होतंस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुला हे कळवायचं तरी कुठल्या पत्त्यावर? पण हात रिकामे आहेत आणि जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते आहे.

गेला आठवडाभर ती फोनला विचारून विचारून कळा आणायच्या मागे लागली होती. फोननं खजूर सांगितले की खजूर, चालायला सांगितलं की गच्चीवर फेऱ्या. एक भला मोठा रबरी चेंडू मागवला आणि त्यावर बसून डुलत राहायची. मी म्हटलं, अगं, त्यापेक्षा उकिडवी बस आणि तूर निवड. तर म्हणाली, "आई, तेच लिहिलंय इथं. फक्त तूर नाही लिहिली." मला हसू आलं. तिला मात्र हसायचं नव्हतं. कळा आपल्या आपण याव्यात, सुई-सलाईन नको, एवढा एकच ध्यास तिनं घेतला होता. तिला चालताना बघून मला तूच दिसत होतीस, पदर खोचून माझ्या शेजारी चालणारी.

मी पहिलटकरीण होऊन राणीसावरगावला तुझ्याकडे आले, तेव्हा तू मला नुसती बसवून ठेवली होतीस. वाकू नको, घागर उचलू नको, पपईकडे बघूसुद्धा नको. मी म्हणायचे, अंग जड झालंय, आता दिवस भरले असतील. तू बोटांवर महिन्यांची नावं घ्यायचीस आणि म्हणायचीस, "आत्ता कुठं आठवा सरायलाय." मग एक दिवस नर्सबाई घरी आल्या. त्यांनी पोट चाचपलं, कागद बघितला आणि तुला म्हणाल्या, "मावशी, हिचे दिवस भरून वर गेलेत की. तुमी कसं मोजलं?" तू परत बोटं धरलीस. आणि मग कळलं, तू धोंड्याचा महिना धरलाच नव्हतास. त्या वर्षी धोंडा आला होता, तूच जावयाला बोलावून धोंडे खाऊ घातले होतेस, आणि मोजताना तो महिना सोडून दिला होतास. "धोंड्याचा महिना कशात धरतेत का?" तू म्हणालीस. नर्सबाई हसल्या. "धोंडा आलाय हे पोटातल्याला कसं कळंल, मावशी?" सोमवारपर्यंत वाट बघू, नाहीतर दवाखान्यात नेऊन कळा आणाव्या लागतील, असं सांगून त्या गेल्या. तू हसली नव्हतीस. तुझा चेहरा पार उतरला होता.

त्या दुपारपासून सगळं उलटं सुरू झालं. तू माझ्या हातात खराटा दिलास. अंगण झाडून झालं की उकिडवी बसून तूर निवडायची, मग कमरेवर ऊन ऊन पाणी, मग तूप घातलेलं दूध, आणि ऊन उतरलं की मारुतीच्या देवळापर्यंत चालणं. देवळापाशी पोचलो की परत मागे. दुसऱ्या दिवशी मी चिडले. काल-परवापर्यंत पाय उचलू देत नव्हतीस आणि आज गावभर हिंडवायलीस, म्हणून रस्त्यातच थांबले. तू तांब्यातलं पाणी मला दिलंस आणि खाली बघत म्हणालीस, "तुज्या आधीचं लेकरू रडलंच न्हाई. लय उशीर झाला होता त्याला. चाल." माझ्या आधी कुणी होतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी चालायला लागले.

शेजारची काकू एरंडेलाची बाटली घेऊन आली, तेव्हा तू दारातच तिला अडवलंस. नर्सबाईंनी एरंडेल पाजायला बजावून मनाई केली होती. काकू म्हणाली, "आमी काय मेलो का पिऊन?" तू म्हणालीस, "मी एक डाव चुकले, आता सांगितलंय तेवढंच करणार." तुझ्या तोंडून चुकले हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सोमवारच्या आदल्या दिवशी कळा सुरू झाल्या. जीपनं गंगाखेडच्या दवाखान्यात गेलो आणि संध्याकाळच्या आत ही झाली. ही रडली तशी तू भिंतीला टेकून खालीच बसलीस. नर्स तिला उगी करायला लागली तर तू म्हणालीस, "रडू द्या. लय रडू द्या तिला." माझ्या बाळंतपणाचं मला एवढंच स्वच्छ आठवतं.

आज सकाळी सलाईन लावताना हीच माझ्याकडे बघून रडली. म्हणाली, "एवढं चालले, एवढं खाल्लं, तरी माझ्या अंगाला जमलं नाही." मी तिला म्हटलं, "तुझ्या आजीनं मला हिंडवलं म्हणून तू आलीस की तुझी वेळच झाली होती, हे मला अजून कळलेलं नाही. तू चाललीस, तुझ्याकडून झालं तेवढं केलंस. आता औषधाला त्याचं काम करू दे." तिनं डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरला. मग तिला आत नेलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

आत्ता थोड्या वेळापूर्वी आतून तिची हाक आली, "आई गं." मी उठून दारापर्यंत गेले. नर्स म्हणाली, अजून वेळ आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, बसा. मी येऊन बसले. तुला म्हणून सांगते, माय, ती हाक ऐकली तेव्हा मी लगेच उठले नव्हते. आधी मागे वळून बघितलं होतं, तू आलीस का म्हणून.